पंडिता रमाबाई आणि बार्तीमी सदन

पंडिता रमाबाईंचे नाव ऐकिले नाही असा ख्रिस्ती मनुष्य आपल्या नांदेड व लातूर जिल्ह्यांत शोधूनही सापडणे कठीण. विधवांच्या कैवारी, संस्कृत विद्येत निपुण, पवित्र शास्त्राचे मूळ भाषांवरून मराठीत भाषांतर करणाऱ्या, अशी त्यांची ओळख आपल्या मुलांस रविवारच्या शाळेतच होते. परंतु केडगावच्या मुक्तिसदनात आंधळ्या व दुबळ्या लेकरांसाठी त्यांनी जी सोय केली, तिच्याविषयी खेडोपाडीच्या मंडळ्यांत क्वचितच बोलले जाते. आज त्याच बाजूने बाईंचे चरित्र वाचकांपुढे मांडावे असे आम्ही योजिले आहे. ज्या घरात असे लेकरू आहे त्या घरच्या आईबापांनी ते मुद्दाम वाचावे, आणि ज्यांस वाचता येत नसेल त्यांनी कोणाकडून तरी वाचवून घ्यावे.

रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ ह्या ठिकाणी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये असा त्या काळचा दंडक असता त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती विद्या शिकविली, आणि त्यापायी जातबांधवांचा रोष ओढवून घेऊन रानात आश्रम बांधून राहिले. रमाबाई लहान असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले व पुढे वर्षानुवर्षे फिरतच राहिले. वडील आता वृद्ध झाले होते, म्हणून मुलीला शिकविण्याचे काम आईकडे आले.

ते कसे चाले हे नीट ध्यानात घेण्यासारखे आहे. दिवसभर लक्ष्मीबाईंस प्रपंचातून सवड मिळत नसे. म्हणून पहाटे, पाखरे नुकती किलबिलू लागली असता, ही माउली झोपेत असलेल्या लेकराला पांघरुणासकट उचलून मांडीवर घेई, गोंजारून जागे करी, आणि एकेक श्लोक म्हणून तो तिच्याकडून म्हणवून घेई. पुस्तक हाती नसे. आईचे ओठ हेच पुस्तक, आणि कान हीच पाटी. अशा रीतीने बारा वर्षांची होईतो त्या मुलीला भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ झाले. ज्या बाईंनी पुढे आंधळ्या मुलींचे शिक्षण आरंभिले, त्यांचे स्वतःचे शिक्षण डोळ्यांपेक्षा कानांनीच अधिक झाले होते. ज्याला दिसत नाही त्याला शिकविणार तरी कसे, हा प्रश्न इतरांस जितका अवघड वाटे तितका त्यांस वाटला नसावा असे आम्हांस वाटते.

रमाबाई सोळा-सतरा वर्षांच्या असता दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे द्रव्य संपले, भांडीकुंडी विकली गेली. घरात विद्या पुष्कळ, पण पोट भरण्याजोगे हातचे काम कोणासच शिकविलेले नव्हते. भीक मागण्याची लाज वाटे, मजुरी करण्याची सवय नव्हती. रानातील पाला व फळे खाऊन दिवस काढता काढता प्रथम वडील, मग आई आणि थोरली बहीण अशी तिघे गेली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास दोघेच मागे राहिली. पुढे केडगावास बाईंनी राजापासून रंकापर्यंत कोणाचीही मुलगी असो, तिच्या हाताला काम शिकविलेच पाहिजे असा जो नियम घातला, त्याचे मूळ ह्या भुकेत आहे.

मधल्या वर्षांचा इतिहास बहुतेकांस ठाऊक असल्यामुळे थोडक्यात सांगतो. १८७८ साली भाऊबहीण कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची विद्वत्ता पाहून त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. १८८० साली बंधू वारले, त्याच वर्षी बाईंनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी विवाह केला, १८८१ च्या एप्रिलात कन्या मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीचे पटकीने निधन झाले. तेवीस वर्षांच्या विधवेने तान्ही मुलगी कडेवर घेऊन पुणे गाठले आणि तेथे आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या व त्याच वर्षी वाँटेज येथे मुलीसह त्यांचा बाप्तिस्मा झाला.

इंग्लंडास जाण्यात त्यांचा हेतू वैद्यकी शिकण्याचा होता. आपल्या देशातील स्त्रिया पुरुष डॉक्टरापुढे जात नाहीत व औषधावाचून मरतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. परंतु तेथे गेल्यावर कळून आले की त्यांच्या कानांत दोष आहे व ऐकू येणे दिवसेंदिवस कमी होत आहे. ज्याला रुग्णाच्या छातीचा ठोका नीट ऐकू येत नाही त्याला डॉक्टर कसे होता येईल? तो बेत सोडून देणे भाग पडले. ज्या कानांनी आईचे श्लोक टिपले तेच कान ऐन पंचविशीत दगा देऊ लागले. ह्यामुळे त्या रडत बसल्या नाहीत. चेल्टनम येथील स्त्रियांच्या कॉलेजात जाऊन त्या स्वतः इंग्रजी व इतर शास्त्रे शिकल्या आणि तेथील विद्यार्थिनींस संस्कृत शिकवू लागल्या. हे बहिरेपण त्यांस जन्मभर पुरले. शेकडो मुलींचे सदन चालविणारी, देशोदेशी व्याख्याने देणारी ही स्त्री ऐकण्यात अधू होती, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात एका ओळीत सांगून पुढे जाण्याचा प्रघात पडला आहे. आम्हांस तो बरा वाटत नाही.

येथे थोडे विषयांतर करितो. बाईंचे कान गेले ते बोलता येऊ लागल्यावर, म्हणून त्यांची वाचा शाबूत राहिली. जे लेकरू जन्मतःच बहिरे असते त्याचा कंठ व जीभ बहुधा धडधाकट असते, पण शब्द कानी पडत नाही म्हणून ते मुके राहते. आपल्या गावांत अशा लेकराला मुका म्हणून मोकळे होतात, आणि त्याचे कान कोणी तपासीत नाही. मागून टाळी वाजविली असता सहा महिन्यांचे मूल वळून पाहत नसेल, तर ते उशिरा बोलेल असे म्हणून वाट पाहत बसू नये. जिल्ह्याच्या रुग्णालयात कान तपासून घ्यावे. पहिल्या दोन-तीन वर्षांत श्रवणयंत्र लाभले किंवा खुणांची भाषा शिकविली गेली, तर त्या लेकराचे पुढचे आयुष्य निराळे होते.

१८८९ साली बाई स्वदेशी परत आल्या व त्यांनी मुंबईस शारदा सदन उघडिले. पुढील वर्षी ते पुण्यास नेले. तेथे त्या सदनाविषयी जो वाद माजला तो येथे उगाळण्याचे कारण नाही. १८९६ व ९७ ह्या सालांत मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. ती बातमी कानी येताच बाईंस आपल्या आईबापांचे मरण आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या व उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या मुलींस घेऊन परत आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता आणि इतक्या मुली शहरात ठेवण्यास सरकारची परवानगी नव्हती. पुण्याच्या पूर्वेस, दौंडच्या अलीकडे, केडगावास बाईंनी थोडी शेतजमीन घेऊन ठेविली होती. तेथे प्रथम तंबू व झोपड्या उभ्या राहिल्या, मग विहिरी खणल्या गेल्या, मग पक्क्या इमारती झाल्या, आणि १८९८ साली मुक्तिसदनाची स्थापना झाली. दोनच वर्षांनी गुजरात, काठेवाड व राजपुतान्यात छप्पन्नचा दुष्काळ आला. बाईंची माणसे तिकडे धावली. त्या एका वर्षात केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. १८९७ साली ज्या मुली मरणाच्या दारातून आल्या होत्या, त्याच आता नव्या मुलींच्या शिक्षिका व दाया झाल्या.

ह्या दुष्काळी लेकरांत आंधळ्या मुली होत्या. त्या इतक्या का होत्या हे आज आपल्याला समजते, त्या काळी कोणास ठाऊक नव्हते. देवीच्या रोगाने पुष्कळांचे डोळे जात. परंतु दुसरे मोठे कारण अन्नच होते. हिरवा पाला, दूध, अंडी, पिवळी फळे ह्यांत जे अ जीवनसत्त्व असते ते पोटात गेले नाही म्हणजे लेकराला प्रथम तिन्हीसांजेनंतर दिसेनासे होते, मग डोळे कोरडे पडतात, बुबुळ मऊ होऊन फुटते, आणि काही दिवसांतच दृष्टी कायमची जाते. त्यात गोवर आला म्हणजे हा नाश अधिक झपाट्याने होतो. हे जीवनसत्त्व शास्त्रज्ञांस १९१३ च्या सुमारास सापडले. केडगावच्या मुलींचे डोळे त्याच्या आधीच गेले होते. देवी आता पृथ्वीवरून नाहीशी झाली आहे, आणि नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी लेकराला ह्या जीवनसत्त्वाचा डोस फुकट मिळतो. अंगणवाडीची बाई बोलावू आली असता शेताचे काम आहे असे सांगून तिला परत पाठविणाऱ्या आया आम्ही पाहिल्या आहेत, म्हणून हे लिहितो.

मुक्तिसदनात प्रत्येक प्रकारच्या निराश्रितांसाठी निराळे घर व निराळे नाव होते. पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, वृद्ध व दुबळ्यांसाठी प्रीतिसदन, मुलांसाठी सदानंद सदन. आंधळ्यांच्या घरास बाईंनी बार्तीमी सदन हे नाव दिले. यरीहोच्या वाटेवर भीक मागत बसलेल्या ज्या आंधळ्याची हकीकत मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे, त्याच्या नावावरून हे घेतलेले आहे. त्या मनुष्याला लोकसमुदाय गप्प राहा म्हणून दटावीत होता, आणि प्रभू त्याच्यासाठी थांबला. शुभवर्तमानांत बऱ्या झालेल्या कितीतरी रोग्यांची नावे आलेली नाहीत, पण ह्या आंधळ्याचे नाव, त्याच्या बापाच्या नावासह, लिहून ठेविलेले आहे. बाईंनी आपल्या घराला आंधळ्यांचा आश्रम असे न म्हणता एका माणसाचे नाव दिले. आमच्या मंडळ्यांत अशा लेकराला अजूनही कित्येकदा आंधळी, लंगडा, येडा ह्याच नावाने हाक मारितात, आणि बाप्तिस्म्याच्या वहीत लिहिलेले त्याचे नाव पाळकाखेरीज कोणास आठवत नाही.

ह्या सदनाच्या शिक्षणाचा भार मनोरमाबाईंनी उचलला. अमेरिकेतील शिक्षण आटोपून परत आल्यावर त्या आईच्या उजव्या हात झाल्या होत्या. त्यांनी ब्रेल लिपी शिकून घेतली व आंधळ्या मुलींस ती शिकविण्यास आरंभ केला. ही लिपी काढणारा लुई ब्रेल हा फ्रान्स देशातील एका खोगीर शिवणाऱ्याचा मुलगा. १८०९ साली तो जन्मला, तीन वर्षांचा असता बापाच्या दुकानात आरीने त्याचा डोळा फुटला, पुढे दुसराही गेला. बापाने त्याला काठीच्या टोकाला भीक मागावयास लाविले नाही, गावच्या शाळेत घातले, आणि दहाव्या वर्षी पॅरिसच्या अंधशाळेत पाठविले. तेथे पंधरा वर्षांच्या ह्या पोराने सहा टिंबांच्या मांडणीवर अक्षरे बसविली. जाड कागदावर टोकदार सुईने उठविलेली ती टिंबे बोटाच्या टोकाने वाचता येतात.

हिंदुस्थानात आंधळ्यांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसरास मिस ॲनी शार्प ह्यांनी काढिली. मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड ह्यांनी १९०० साली, त्याच छप्पन्नच्या दुष्काळातील अनाथ मुलांसाठी, अशीच एक शाळा काढिली. म्हणजे मराठी मुलखात ह्या विद्येचा उगम झाला तोच दुष्काळातून. अडचणी थोड्या नव्हत्या. ब्रेलची अक्षरे फ्रेंच भाषेसाठी होती, ती आपल्या क, ख, ग वर कशी बसवावी ह्याविषयी एकवाक्यता नव्हती, व निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या मांडण्या चालत. सर्व भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली ती १९५१ साली. शिवाय केडगावच्या अनेक मुली गुजरातेतून आलेल्या. त्यांस आधी मराठी बोलावयास शिकवायचे, मग बोटांनी वाचावयास. मुलीचे बोट हाती धरून एका टिंबावरून दुसऱ्या टिंबावर नेणे, आणि हे शंभरदा करणे, ह्यास किती धीर लागतो हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक.

वाचनाबरोबर विणकामासारखी हातची कामेही त्यांस शिकविली जात. मुक्तिसदनात शेती होती, दुभती जनावरे होती, तेलाचा घाणा होता, माग होते, छापखाना होता. तेथे प्रत्येकीच्या वाट्यास काही तरी काम असे, आणि आंधळ्या मुलीही त्याला अपवाद नव्हत्या. दयेने खाऊ घालून कोपऱ्यात बसविणे बाईंस मान्य नव्हते. ज्याच्या हाताला काम नाही तो दुष्काळात प्रथम मरतो, हे त्यांनी आपल्या घरी पाहिले होते.

आमच्या मराठवाड्यात काय चालते हे वाचकांस सांगावयास नको. देगलूर, बिलोलीकडे म्हणा किंवा निलंगा, औशाकडे म्हणा, भेटीस गेले असता घरात एक लेकरू आहे हे पाळकाला तिसऱ्या-चौथ्या भेटीत कळते. ते आतल्या खोलीत असते. आईबाप निर्दय असतात असे मुळीच नाही. आई त्याला स्वतःच्या हाताने घास भरविते, न्हाऊ घालिते, रात्र रात्र जागते, आणि वीस वर्षांचे झाले तरी भरवीतच राहते, कारण त्याला स्वतः जेवावयास शिकविता येईल असे तिला कोणी सांगितलेलेच नसते. शेजारी पूर्वजन्मीचे पाप म्हणतात, आणि ख्रिस्ती झालेले आपले लोकही मनातल्या मनात तेच म्हणतात. जन्मांधाला पाहून शिष्यांनी प्रभूला हाच प्रश्न केला होता, आणि योहानाच्या नवव्या अध्यायात त्याचे उत्तर आहे. हे उत्तर आपण प्रवचनात ऐकतो व घरी जाऊन विसरतो. लातूरकरांस तरी हे कळावयास हवे. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीच्या भूकंपाने एका पहाटे किती धडधाकट माणसे अधू केली, आणि तेव्हा कोणी त्यांच्या पापाचा हिशोब मांडिला नाही.

एक गोष्ट येथे नमूद करणे अवश्य आहे. रमाबाईंच्या काळी अशा लेकरासाठी सरकारात काही तरतूद नव्हती. आज २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आहे. त्यात एकवीस प्रकारचे व्यंग मोजलेले आहे, मतिमंदत्व व मेंदूचा पक्षाघातही त्यात येतात. ज्याचे व्यंग शेकडा चाळीस किंवा त्याहून अधिक असल्याचा दाखला मिळतो, त्याला सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत फुकट शिक्षणाचा हक्क आहे. कायदा मात्र पहाटे उठून लेकराला मांडीवर घेत नाही. ते काम लक्ष्मीबाईंनीच करावे लागते.

मनोरमाबाईंचे पुढील काम आपल्या प्रदेशाच्या अगदी लगत झाले. १९१२ साली गुलबर्गा येथे ख्रिस्ती विद्यालय निघाले व त्या तेथे मुख्य झाल्या. तेव्हा गुलबर्गा, बीदर, उस्मानाबाद, नांदेड ही सर्व निजामाच्या एकाच राज्यात होती, आणि उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात मोडत. मुलींच्या शिक्षणाची सर्वत्र वाणच होती. आईचे घर, आंधळ्यांचे वर्ग, गुलबर्ग्याची शाळा ह्या सर्वांचा भार त्या सडपातळ, नाजूक प्रकृतीच्या बाईंनी वाहिला. अखेर शरीर थकले. ता. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेच्या मिशन रुग्णालयात त्यांचे देहावसान झाले. वय अवघे चाळीस.

रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या व कानांनी जवळ जवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या होत्या. आपल्यामागे सर्व काम मुलगी पाहील असा त्यांचा भरवसा होता, तो मोडला. तरी इब्री व हेल्लेणी भाषांवरून चाललेले पवित्र शास्त्राचे भाषांतर त्यांनी सोडिले नाही. साध्या बायकांस कळेल अशा मराठीत ते असावे ह्यासाठी त्या वर्षानुवर्षे झटल्या होत्या, आणि मुक्तिसदनाच्याच छापखान्यात मुली त्याचे खिळे जुळवीत होत्या. ते काम हातावेगळे होते न होते तोच ता. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेविला. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

केडगावचे मुक्तिमिशन आजही चालू आहे, आणि तेथे आंधळ्या मुली व स्त्रिया राहतात. लातूरहून कुर्डुवाडी, दौंड ह्या मार्गाने पुण्यास जाणारी आगगाडी केडगाव स्टेशनावरूनच पुढे जाते.